शॅम्पेन, साल आणि हळदीचं पोतं

मंडळी, या विकांताचा विषय जरा चढा आहे. शॅम्पेन! आता जवळा बाजारच्या माणसाने शॅम्पेनवर लिहायचं म्हणजे गावाकडचे मित्र "लई शहाणा झालास बे" म्हणणार, आणि पुण्यातले मित्र म्हणणार, बाटली कुठाय ते आधी सांग. दोघांचंही बरोबर आहे. पण विषय वाटतो तितका परका नाहीये.

प्रश्न साधा आहे. चांगल्या शॅम्पेनच्या बाटलीवर एक साल छापलेलं असतं: १९९६, २००२, २००८. एका सालासाठी लोक दुप्पट पैसे मोजतात आणि शेजारच्या सालाकडे ढुंकूनही बघत नाहीत. का? आणि बाटली हातात आलीच, तर ती कधी उघडायची? लगेच, की दहा वर्षांनी?

आमच्याकडे हिंगोली जिल्ह्यात हाच प्रश्न दरवर्षी हळदीच्या बाबतीत पडतो. हळद काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश केली, पोत्यात भरली. आता विकायची की ठेवायची? भाव चढेल की पडेल? ठेवली आणि कीड लागली तर? प्रत्येक घरात यावर वाद होतात. शॅम्पेनचा इतिहास वाचताना मला सारखी ती पोतीच आठवत होती. का, ते शेवटी येईलच.

मुळात साल लिहायचंच कशाला?

पहिली गंमत म्हणजे बहुतेक शॅम्पेनवर साल नसतंच. शॅम्पेन हा फ्रान्सचा उत्तरेकडचा थंड प्रांत. द्राक्षं पिकायला जेमतेम ऊन मिळतं. कधी एप्रिलमध्ये दंव पडून कोंब जळतात, कधी सप्टेंबरात पाऊस पडून घड सडतात. एका वर्षाच्या भरवशावर धंदा करायचा म्हणजे जुगारच. म्हणून तिथल्या लोकांनी मिश्रणाची युक्ती काढली. यंदाची वाइन आंबट झाली? मागच्या चांगल्या वर्षाची थोडी राखून ठेवली होती, ती मिसळा. त्यामुळे दरवर्षी चव साधारण तीच राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर साल नसलेली शॅम्पेन म्हणजे लोड बॅलन्सिंग. एक सर्व्हर बसला तरी साइट चालू राहते :-)

साल लिहिलेली शॅम्पेन म्हणजे कंपनीने जाहीर केलेलं असतं की, यंदा बॅकअपची गरज नाही, हे वर्ष स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं. आजचा नियम असा की बिनसालाची शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने आणि सालाची किमान ३ वर्षं तळघरात ठेवावीच लागते. मोठी घराणी आपल्या मानाच्या बाटल्या यापेक्षा कितीतरी जास्त, आठ-दहा वर्षंसुद्धा, दाबून ठेवतात.

विधवा, झार आणि इंग्रज गिऱ्हाईक

सालाचं कौतुक सुरू कुठून झालं? एक मोठं नाव म्हणजे १८११. त्या वर्षी आकाशात महिनोन्‌महिने एक प्रचंड धूमकेतू दिसत होता आणि युरोपात द्राक्षं अप्रतिम पिकली. लोकांनी दोन्हीचा संबंध जोडला आणि त्या वाइनला धूमकेतूची वाइन म्हणू लागले.

ही वाइन ज्यांच्या तळघरात होती त्यांत एक होती मादाम क्लिको. नवरा १८०५ मध्ये गेला तेव्हा बाई २७ वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्याच वयाच्या. तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्रपणे धंदा करता येत नसे, विधवेला मात्र येत असे. या बाईने तो चालवला, आणि असा चालवला की ‘व्हव’, म्हणजे विधवा, हा शब्दच ब्रँड झाला. नेपोलियनच्या लढायांमुळे रशियाचा बाजार बंद होता. १८१४ मध्ये युद्ध थांबतंय असं दिसताच, बाकीचे कागदपत्रांची वाट बघत असताना बाईंनी १८११ चा माल जहाजात चढवून रवाना केला. माल बाल्टिकवरच्या बंदरात पोचला, तिथून सेंट पीटर्सबर्गला, आणि हातोहात खपला. म्हणजे थांबण्याच्या धंद्यातला पहिला मोठा विजय मिळाला तो योग्य क्षणी न थांबल्यामुळे!

त्यानंतरची गोष्ट क्रिस्टालची. १८७६ मध्ये लुई रोडरर या घराण्याने रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी खास शॅम्पेन काढली, पारदर्शक काचेच्या आणि सपाट बुडाच्या बाटलीत. म्हणतात की झारला बाँबची भीती होती, म्हणून बाटलीच्या बुडाशी किंवा गडद काचेमागे काही लपवता येऊ नये अशी रचना होती. झार १८८१ मध्ये बाँबनेच मारला गेला. पारदर्शक काचेला प्रकाश बाधतो आणि वाइन बिघडते, म्हणून आजही क्रिस्टालची बाटली पिवळ्या-केशरी कागदात गुंडाळलेली असते. झारची भीती गेली, तिचा साइड इफेक्ट मात्र दीडशे वर्षं पॅकेजिंगमध्ये टिकून आहे.

रशियन लोकांना शॅम्पेन सरबतासारखी गोड लागायची. कोरडी शॅम्पेन हवी होती ती इंग्रजांना. मादाम पोमरी (याही विधवाच) यांनी १८७४ सालची जवळजवळ बिनसाखरेची शॅम्पेन काढली आणि ती लंडनमध्ये गाजली. साखर कमी झाली की वाइनचे दोष झाकले जात नाहीत. मग द्राक्षं चांगली लागतात, वर्ष चांगलं लागतं आणि थांबावंही लागतं. सालाचं महत्त्व वाढलं त्यामागे हे एक साधं कारण आहे. याच काळात आमच्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, इंग्रज अधिकाऱ्यांसकट. गाव निजामाचं, फौजेचा खर्चही त्याच्याच तिजोरीतून, आणि हुकूम इंग्रजांचा. असो, तो वेगळ्या विकांताचा विषय आहे.

आणि दों पेरिन्यों? तो खरोखरच होऊन गेला. ओव्हिलेच्या मठात १६६८ पासून १७१५ मध्ये मरेपर्यंत तळघर सांभाळणारा साधू. पण त्याने शॅम्पेनचा शोध लावला ही दंतकथा आहे. त्याच्या काळात बुडबुडे हा वाइनमधला दोष समजला जायचा. त्याचं खरं काम वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं नीट निवडून मिसळण्याचं. त्याच्या नावाची बाटली मोएत कंपनीने बाजारात आणली ती १९३६ मध्ये, आणि पहिलं साल होतं १९२१. म्हणजे मंदीच्या काळात, पंधरा वर्षं जुनी वाइन, सव्वादोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या साधूच्या नावाने. मार्केटिंगवाल्या मित्रांनी नोंद घ्यावी.

बाटलीत नक्की होतं काय?

हे कळल्याशिवाय ‘कधी उघडायची’चं उत्तर मिळत नाही. शॅम्पेन दोनदा आंबते. एकदा टाकीत किंवा पिंपात, साध्या वाइनसारखी. मग ती बाटलीत भरून थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच बंद करतात. आत पुन्हा आंबण सुरू होतं, वायू तयार होतो आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. दाब पाच-सहा वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त.

साखर संपली की यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ तळाशी बसतो. खरी जादू इथे आहे. हा गाळ वर्षानुवर्षं हळूहळू विरघळत राहतो आणि वाइनला बेकरीतल्या ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा वास देतो. शिवाय आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन खाऊन टाकतो. म्हणजे गाळ आहे तोवर वाइन तरुण राहते आणि शहाणीही होत जाते. (माणसांसाठी असं काही निघालं तर कळवा.)

मग बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, गाळ मानेशी आणतात. त्यासाठीची भोकांची फळी मादाम क्लिकोच्याच तळघरात, १८१६ च्या सुमारास निघाली. मान गोठवून झाकण उघडलं की गाळ बाहेर उडतो. थोडी साखर घालून कॉर्क लावतात आणि बाटली बाजारात जाते. गाळ असेपर्यंत वाइन डेव्हलपमेंटमध्ये, गाळ काढला की रिलीज. रिलीज झाल्या दिवसापासून सपोर्टची मुदत मोजायला लागायची.

म्हणजे बाटलीवर खरं तर दोन तारखा हव्यात: द्राक्षं कधी तोडली आणि गाळ कधी काढला. बोलँजे या घराण्याने हे ओळखून १९६० च्या दशकात १९५२ सालची वाइन ‘नुकताच गाळ काढलेली’ अशा नावाने विकली. दों पेरिन्योंवाले आता एकच साल टप्प्याटप्प्याने काढतात: पहिला टप्पा साधारण आठ वर्षांनी, दुसरा पंधराच्या आसपास, तिसरा पंचविशीनंतर. साल तेच, पण गाळावर जास्त बसल्यामुळे चव वेगळी.

साल विरुद्ध साल

आता मुख्य सामना. ढोबळ नियम असा: थंड, हळू पिकलेल्या वर्षात आम्लता जास्त, म्हणून ती वाइन सुरुवातीला कडक लागते पण टिकते. गरम वर्षातली लवकर गोडीत येते आणि लवकर थकते.

१९८८, १९८९ आणि १९९० ही ओळीने तीन चांगली वर्षं. ८८ कडक आणि हळू उमलणारं, ८९ उन्हाचं आणि लवकर खुललेलं, ९० मध्ये दोन्हींचे गुण. एकाच घराण्याच्या या तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या की साल म्हणजे काय ते भाषणाशिवाय कळतं.

१९९६ हे वादाचं वर्ष. साखरही जबरदस्त, आम्लताही जबरदस्त. तेव्हा शतकातलं साल म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. पुढे काही बाटल्यांत फळाची चव ओसरली आणि नुसता आंबटपणा उरला, काही मात्र आजही तळपतायत. कागदावरचे आकडे सगळे उत्तम असूनही निकाल लागायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, याचं हे उदाहरण.

२००२ हे सर्वांचं लाडकं. कोरडा, उन्हाचा सप्टेंबर, पिकलेलं फळ, समतोल. चांगल्या घराण्याची २००२ नीट ठेवलेली असेल तर आता ऐन भरात आहे, आणखी थांबायचा हट्ट नको.

२००३ मध्ये एप्रिलच्या दंवाने निम्म्याच्या आसपास पीक गेलं आणि मग युरोपातली ती कुप्रसिद्ध उष्णतेची लाट. द्राक्षं ऑगस्टमध्येच तोडावी लागली. बऱ्याच घराण्यांनी साल जाहीरच केलं नाही. दों पेरिन्योंने केलं, आणि त्यावरून भांडणं झाली. ही वाइन भारदस्त आहे, पण जास्त टांगून ठेवायची नाही.

२००८ हा थंड, ढगाळ उन्हाळा आणि शेवटी सप्टेंबरात उघडलेलं आकाश. आम्लता कणखर. जाणकार याला १९९६ चा शहाणा भाऊ मानतात. गंमत अशी की दों पेरिन्यों आणि क्रिस्टाल दोघांनीही २००९ आधी विकायला काढलं आणि २००८ नंतर, कारण धाकटं आधी तयार झालं. सालों नावाचं घराणं फक्त निवडक वर्षांतच शॅम्पेन काढतं, आणि त्यांनी २००८ फक्त दीड लिटरच्या मोठ्या बाटल्यांत भरली. बाटली मोठी असली की वाइन सावकाश म्हातारी होते. २००८ च्या मानाच्या बाटल्या आज पिता येतात, पण घाई नसेल त्याने ठेवाव्या.

२०१२ मध्ये दंव, गारपीट, बुरशी, सगळी संकटं एका वर्षात. पीक थोडं, पण जे हाती लागलं ते सोन्यासारखं. या बाटल्या आता हळूहळू उघडायला लागल्या आहेत आणि पुढची दहा वर्षं चांगल्या जाव्यात.

एक मोठी गोष्ट या यादीत लपली आहे. पूर्वी शॅम्पेनची तोडणी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात व्हायची. २००३ ला ऑगस्ट म्हणजे आश्चर्य होतं. त्यानंतर २००७, २०११, २०१८, २०२० मध्येही तोडणी ऑगस्टातच सुरू झाली. ‘जेमतेम पिकणारा प्रांत’ ही शॅम्पेनची ओळखच वितळते आहे. आम्लता हा तिचा कणा, आणि उष्णता आधी तोच खाते.

टिकाऊपणाची कमाल बघायची असेल तर बाल्टिक समुद्रात जा. २०१० मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या, सुमारे १७० वर्षं जुन्या. त्यांत विधवा क्लिकोच्याही होत्या. तळाशी अंधार, थंडी, हालचाल नाही. काही बाटल्या अजून पिण्याजोग्या होत्या. तपासणीत लिटरला सुमारे १५० ग्रॅम साखर निघाली, म्हणजे बासुंदीच्या जवळपास.

आपल्याकडची गोष्ट

महाराष्ट्राचा यात थेट अध्याय आहे, आणि तो जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचा. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात तिथे फ्रान्सच्या पायपर-हाइडसिकचं तांत्रिक साहाय्य घेऊन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन बनवली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली, इंग्लंडात लोकांनी भारतातली शॅम्पेन म्हणून कुतूहलाने घेतली. भारतात ‘मार्कीझ द पोंपादूर’. ज्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला आजही परवाना लागतो, त्या राज्यात हे घडलं.

पुढे सुला आली, २००० मध्ये तिची पहिली वाइन निघाली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. मोएतवाल्यांनी दिंडोरीत शांदों काढली, तिचं उद्‌घाटन २०१३ मध्ये. फ्रान्समध्ये शार्दोने आणि पिनो न्वार, तर इथे त्यांच्या जोडीला शेनँ ब्लाँ. ‘शॅम्पेन’ हे नाव मात्र त्या प्रांताबाहेरच्या वाइनला लावता येत नाही. म्हणून इथे स्पार्कलिंग.

आपल्याकडे द्राक्षांचं गणितच उलटं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. वेल थंडीत झोपत नाही, उन्हाची कमतरता नाही. इथली अडचण द्राक्ष पिकण्याची नसून आम्लता टिकवण्याची आहे. म्हणून आपली स्पार्कलिंग साठवून मोठी होणारी नव्हे. वर्ष-दोन वर्षांत प्यावी, ताजी असताना. यात कमीपणा काही नाही. हापूस कोणी दहा वर्षं ठेवत नाही.

थांबणं कोणाला परवडतं?

आता पोत्यांकडे येतो. शॅम्पेन प्रांताच्या तळघरांत आज शंभर कोटींहून जास्त बाटल्या पडून आहेत. हे पैसे आहेत, नुसते थांबलेले. प्रतिष्ठा नावाच्या गोष्टीत चव आहेच, पण त्याखाली भांडवल आहे. द्राक्ष पिकवणारा शेतकरी मात्र तोडणीलाच विकतो. १९११ मध्ये याचा स्फोट झाला. सलग वाईट वर्षांनी शेतकरी कंगाल झाले होते, आणि काही कंपन्या बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून त्यावर शॅम्पेनचा शिक्का मारत होत्या. शेतकऱ्यांनी तळघरं फोडली, रस्त्यावर वाइन वाहिली, सैन्य बोलवावं लागलं. त्याच १९११ चं पीक पुढे शतकातल्या उत्तम सालांत मोजलं गेलं. ते जुनं झाल्यावर वाढलेला भाव दंगल करणाऱ्यांच्या घरी गेला नाही.

आपल्याकडेही तेच दिसलं. २००० च्या दशकात वाइनची द्राक्षं म्हणजे सोनं असं वातावरण होतं. मग २००८ ची मंदी आली, माल तुंबला आणि नाशिक भागात कित्येक शेतकऱ्यांनी वेली उपटून टाकल्या. नारायणगावची ती पहिली कंपनीही विस्ताराच्या कर्जाखाली कोसळली. जी वाइन थांबून मोठी होते ती बनवणाऱ्यांना थांबायला वेळ मिळाला नाही.

हिंगोलीच्या हळदीचंही हेच. ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न आहे तो पोती ठेवतो आणि चढा भाव घेतो. ज्याला मुलीचं लग्न किंवा सोसायटीचं कर्ज आहे तो काढल्या काढल्या विकतो. म्हणूनच पणन मंडळाची शेतमाल तारण योजना मला या सगळ्या इतिहासात महत्त्वाची वाटते. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने घ्यायचं आणि भाव येईपर्यंत सहा महिने थांबायचं. थांबण्याचा हक्क विकत न घेता उसना मिळतो. मादाम क्लिकोने जे तळघराच्या जोरावर केलं, ते छोट्या शेतकऱ्याला गोदामाच्या पावतीवर थोडंसं का होईना करता येतं.

मग उघडायची कधी?

ऑनसाइटवरून येताना ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली किंवा कोणी भेट दिलेली एक बाटली बऱ्याच घरांत असते, लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे, ‘खास प्रसंगासाठी’. तिचा हिशोब असा. साल नसेल तर दोन-तीन वर्षांत उघडा. साधं सालाचं असेल तर तोडणीपासून आठ ते पंधरा वर्षांत. मानाची बाटली बारा ते पंचवीस. पण हे सगळे आकडे १०-१२ अंशांच्या अंधाऱ्या तळघरातले आहेत. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात, किंवा पुण्यातल्या पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटात, ते लागू नाहीत. तिथे एक उन्हाळा बाटलीची कित्येक वर्षं खातो.

तेव्हा ज्याच्याकडे तळघर नाही त्याने साल बघत बसू नये. माणसं जमली की बाटली गार करावी आणि उघडावी.